चुना कीं सिमेंट?

पोरबंदरास 1914 च्या सुमारास सिमेंट तयार होऊं लागलें. आमचें कोंकणांतील घर त्याहून जुनें, जांभ्या चिऱ्यांचें व चुन्याच्या गिलाव्याचें. पश्चिमेकडील भिंतीस ओल येऊन गिलावा सुटला. पुतणीचें लग्न तोंडावर आलेलें. तेव्हां सिमेंट लिंपून आठ दिवसांत मोकळें व्हावें, असें आमच्या धाकट्या बंधूंचें मत पडलें.

कंत्राटदार म्हणाला, "गुरुजी, मला पैसे दोन्हींकडून मिळतील. पण जांभा सच्छिद्र. वर सिमेंट बसलें, कीं जमिनींतून चढणारी ओल कोंडेल आणि चिरा आंतून झिजेल."

त्यानें कळीचा चुना विरवून महिनाभर मुरूं दिला; एक थर सुकल्यावांचून दुसरा चढविला नाहीं. हवेंतील कर्बवायु शोषूनच चुना पुनः दगडासारखा होतो. त्यास घाई मानवत नाहीं. लग्नाचा मांडव उघड्या भिंतीशेजारींच पडला. पाहुण्यांनीं नाकें मुरडलीं. बंधूंस वाईट वाटलें, आम्हांसही.

तथापि मांडव चार दिवसांचा, भिंत पुढील पिढ्यांची. वरचा रंग सर्वांस दिसतो, आंतील माल केवळ कारागीर जाणतो. म्हणून वाचकहो, आपल्या घाईस जो नम्रपणें नकार देईल, त्याच्याच हातीं घर सोंपवावें.