तुरळक ठिकाणी

आधीच कबूल करते, मी कॉन्व्हेंटची. पहिलीपासून दहावीपर्यंत नांदेडला मामाकडे राहून शिकले. मराठी हा विषय होता, पण तासापुरता. वर्गात मराठी बोललं की दंड! त्यामुळे संपादक मंडळातल्या मैत्रिणीने "मराठी विभागात काहीतरी लिही ना" म्हटल्यावर आधी घाम फुटला. मग विचार केला, आपल्या आवडत्या विषयावर लिहू, शब्द आपोआप सुचतील. चूकभूल द्यावी घ्यावी.

विषय आहे हवामान. हसू नका! होस्टेलवर माझं नावच 'हवामान खातं' पडलंय. कपडे वाळत घालण्याआधी मुली विचारतात, "आज पडणार का गं?" मी "पडेल" म्हटलं की सगळ्याजणी बिनधास्त बाहेर वाळत घालतात. एवढा माझा लौकिक!

आमचं गाव हिंगोली जिल्ह्यातलं, वसमत तालुक्यातलं. वसमत म्हणजे हळद. २०२४ साली आमच्या हळदीला 'वसमत हळद' म्हणून जीआय टॅग मिळाला, तेव्हा मी होस्टेलवर पेढे वाटले होते. समुद्र आमच्यापासून दोन्ही बाजूंना शेकडो किलोमीटर लांब. अशा गावातल्या मुलीला चक्रीवादळांचं वेड कसं लागलं, हा प्रश्न आमच्या आजीलाही पडतो.

त्याची सुरुवात झाली २०२० च्या जूनमध्ये. लॉकडाऊन होता, शाळा मोबाइलवर, मी गावी. ३ जूनला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. टीव्हीवर उपग्रहाचं चित्र दाखवत होते, समुद्रावर फिरणारी पांढरी भिंगरीच. मी तासनतास तेच बघत बसले. आजी म्हणाली, "काय बघायलीस गं एवढं?" मी म्हटलं, "वादळ." ती म्हणाली, "मग अंगणातले वाळवण आत घे की!" तिच्या दृष्टीने वादळ म्हणजे वाळवण. पुढे कळलं की तिचंच बरोबर होतं.

तेव्हापासून मी वाचत सुटले. हरिकेन, टायफून आणि आपलं चक्रीवादळ हे एकच. समुद्र बदलला की नाव बदलतं. समुद्राचं पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेलं लागतं. विषुववृत्ताच्या अगदी जवळ ती सहसा होत नाहीत, कारण पृथ्वीच्या फिरण्याचा रेटा तिथे पुरत नाही. 'सायक्लोन' हा शब्दसुद्धा भारतात घडला. कलकत्त्याला हेन्री पिडिंग्टन नावाचे साहेब होते, त्यांनी १८४० च्या दशकात तो वापरात आणला. आपल्याकडच्या वादळांना नावं देणारे १३ देश आहेत, त्यांनी २०२० साली १६९ नावांची यादी केली. आणि एक गंमत मला फार आवडते. अमेरिकेचं हरिकेन केंद्र दर सहा तासांनी बुलेटिन काढतं. त्यातलं एक आपल्या घड्याळात बरोबर सकाळी साडेआठला येतं. आपल्या देशात चोवीस तासांचा पाऊस मोजायची वेळही सकाळी साडेआठच! म्हणजे इकडे मी अंगणातली पावसाची बाटली वाचायची आणि तिकडे अटलांटिकची खबर, एकाच वेळी.

बाटली म्हणजे काय, तर माझं पर्जन्यमापक. दोन लिटरची प्लास्टिकची बाटली कापून तोंड उलटं बसवलं, खाली थोडं सिमेंट ओतून बूड सपाट केलं आणि बाजूला पट्टी चिकटवली. झालं! १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी. एकराला हिशोब केला तर ४,०४७ लिटर. पप्पांना हे सांगितल्यावर ते जरा वेळ गप्पच बसले. अतिवृष्टी म्हणतात ती ६५ मिलिमीटरपासून. म्हणजे एका दिवसात एकरावर दोन लाख त्रेसष्ट हजार लिटर. "टँकरनं आणलं असतं तर?" एवढंच ते म्हणाले.

तापमान मोजताना मात्र फजिती झाली. थर्मामीटर पत्र्याच्या शेडखाली टांगला आणि गावभर सांगत सुटले, आज ५० अंश! नंतर वाचलं की तापमान सावलीत, हवेशीर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर मोजायचं असतं. मी मोजत होते तो पत्रा. मग द्राक्षाच्या खोक्याला चुना लावून पेटी केली, तेव्हा आमचं गाव एका दिवसात ५० वरून ४२ वर आलं. आबा म्हणाले, "पोरीनं ऊन कमी केलं!"

आबांचं शास्त्र वेगळं. रोहिणी, मृग, त्यांची वाहनं, टिटवीनं अंडी कुठे घातली, बहावा कधी फुलला, बुलडाण्याकडच्या भेंडवळच्या घटमांडणीत काय निघालं... आधी मी कॉन्व्हेंटच्या तोऱ्यात हसायचे. पण शब्द मला त्यांनीच दिले. मला 'स्टॉर्म' आणि 'रेन' एवढंच येत होतं. त्यांच्याकडे वावटळ, वावधान, सडाका, भुरभुर, झड, उघडीप असे किती तरी आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा.

दूरचं वादळ आमच्या अंगणात आलं ते २०२१ साली. २६ सप्टेंबरला 'गुलाब' चक्रीवादळ आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं. आमच्यापासून सातशे किलोमीटरहून जास्त लांब. मी नकाशावर पेन्सिलने रेघ ओढली, तर ती तेलंगणातून थेट मराठवाड्यात! जमिनीवर वादळाचा वारा मरतो, पण पाऊस मरत नाही. २७ आणि २८ सप्टेंबरला मराठवाड्यात हाहाकार झाला. बाजूच्या उमरखेड तालुक्यात एसटी बस पुरात वाहून गेली. आमचं सोयाबीन काढणीला आलेलं होतं, ते पाण्यात उभं. शेंगांना झाडावरच कोंब फुटले. आणि माझी बाटली? ती भरून वाहिली, त्यामुळे नेमका किती पाऊस झाला ते माझ्या वहीत नाहीच. पुढे तेच वादळ गुजरातकडून अरबी समुद्रात उतरलं, पुन्हा जोर धरला, 'शाहीन' असं नवीन नाव घेतलं आणि ३ ऑक्टोबरला ओमानवर गेलं. गुलाबाचा ससाणा झाला! मी थक्क झाले. पप्पा कुजलेल्या सोयाबीनकडे बघत होते आणि मी मोबाइलवर ओमान बघत होते. आज ते आठवलं की लाज वाटते.

पण खरी गोष्ट पुढेच आहे.

२०२३ चा एप्रिल. बारावीची परीक्षा झाली होती, मी गावी होते. हळद शिजवून अंगणात आणि खळ्यावर वाळत घातलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हळद काढली की कुकरमध्ये शिजवायची, मग पंधरा-वीस दिवस उन्हात वाळवायची, मग ड्रममध्ये फिरवून पॉलिश करायचं. या पंधरा-वीस दिवसांत ती भिजली की रंग गेला. रंग गेला की भाव गेला. त्यामुळे रोज संध्याकाळी गोळा करून ताडपत्री टाकायची, सकाळी परत पसरायची. चार माणसं लागतात, त्यांची रोजी लागते.

तोपर्यंत घरात माझी थोडी वट झाली होती. दोन-चार वेळा मी सांगितलेलं बरोबर निघालं होतं. त्या दिवशी दुपारी माणसं दुसऱ्याच्या शेतात गेली होती. पप्पांनी विचारलं, "माय, आज झाकायचं का गं? काय म्हणतंय तुझं?" मी बघितलं. मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस. उपग्रहाच्या चित्रात आमच्या डोक्यावर काहीच नव्हतं. मी ऐटीत म्हटलं, "तुरळक म्हणजे कुठेतरी एखाद्या ठिकाणी. आपल्याकडे नाही."

साडेचारला पश्चिमेला ढग दिसला, एकच. तो वाढत वाढत लोहाराच्या ऐरणीसारखा वर पसरला. पाचला वावधान सुटलं. आम्ही सगळे पळालो. आजी, आबा, शेजारचे, सगळे. एक ताडपत्री वाऱ्याने उडवून बाभळीवर नेली. आधी गारा, मग सडाका. पंचवीस मिनिटांत सगळं संपलं आणि परत ऊन पडलं. बाटलीत १९ मिलिमीटर. दीड किलोमीटरवरच्या वाडीत थेंबही नाही! आबा म्हणतात तसं, हा पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो आन् दुसरं कोरडं ऱ्हातं.

पप्पा मला एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. रात्री ते बॅटरी घेऊन भिजलेली हळद उलटीपालटी करत होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "तू झोप. मीच विचारलं होतं तुला." त्या वर्षी आमच्या अर्ध्या हळदीला इतरांपेक्षा कमी भाव मिळाला. मी दोन महिने हवामान बघितलं नाही. जूनमध्ये 'बिपरजॉय' अरबी समुद्रात दहा दिवस घोटाळत होतं, मान्सून लांबला होता, सगळं गाव आभाळाकडे बघत होतं. मी बघितलं नाही.

मग मी इंजिनिअरिंगला आले. पहिल्याच वर्षी दसऱ्याला घरी गेले होते, २४ ऑक्टोबर २०२३. सवयीने सकाळी साडेआठचं बुलेटिन उघडलं. मेक्सिकोजवळ 'ओटिस' नावाचं साधं वादळ होतं, हरिकेनसुद्धा नाही. सोनं वाटलं, पुरणपोळी खाल्ली, झोपले. दुसऱ्या दिवशी साडेआठला बघते तर ओटिस पाचव्या श्रेणीचं हरिकेन, वारा ताशी २६० किलोमीटर! दुपार व्हायच्या आत ते अकापुल्को शहरावर गेलं. जगातली मोठमोठी कॉम्प्युटर मॉडेल्स आणि आयुष्य घालवलेले शास्त्रज्ञ असूनही, हे इतकं वाढेल हे त्यांनाही आधी कळलं नव्हतं. नंतर त्यांनी अहवाल काढला. त्यात आपला अंदाज कुठे आणि किती चुकला ते आकड्यांत लिहिलं होतं. ते लोक दरवर्षी आपल्या सगळ्या अंदाजांचा असा हिशोब छापतात.

ते वाचताना मला आमचं खळं आठवलं. मी काय केलं होतं? चुकले आणि वही बंद केली. मग पुन्हा नीट वाचायला बसले. 'तुरळक ठिकाणी' हा हवामान खात्याचा नेमका शब्द आहे. त्याचा अर्थ, त्या भागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे सव्वीस ते पन्नास टक्के. तुरळकचा अर्थ 'आपल्याकडे नाही' असा कधीच नव्हता. तो मी माझ्या मनाने काढला होता. हरिकेन शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं, आठवडाभर जगतं, त्यामुळे परवा ते साधारण कुठे असेल हे सांगता येतं. आमच्याकडचा उन्हाळी ढग पाच-दहा किलोमीटरचा आणि तासाभराच्या आयुष्याचा. खालून तापलेली जमीन, बंगालच्या उपसागराकडून आलेली दमट हवा, वायव्येकडची कोरडी हवा. सामान कुठे जमलंय ते दिसतं, पण ठिणगी कोणत्या खळ्यावर पडेल ते नाही. तिथे फक्त शक्यता सांगायची असते. आणि शक्यता ऐकून काय करायचं, हा हिशोब वेगळा.

तो हिशोब मी एम-थ्रीच्या वहीच्या मागच्या पानावर केला. झाकायचा खर्च समजा दीड हजार. भिजली तर नुकसान पन्नास हजार. भागाकार केला तर तीन टक्के. म्हणजे शंभर दिवसांत तीनच वेळा पाऊस येणार असला तरी रोज झाकणंच परवडतं! आणि मी पंचवीस टक्क्यांना 'नाही' म्हटलं होतं. हे पप्पांना फोनवर सांगितलं. ते हसले. "आजीला विचारलं असतं तर फुकटात सांगितलं असतं," म्हणाले. खरंच, आजीने २०२० मध्येच सांगितलं होतं, वाळवण आत घे.

आता माझी वही परत सुरू आहे. त्यात दोन रकाने आहेत: मी काय म्हटलं आणि काय झालं. लाल शाई बरीच आहे, पण कमी होतेय. यंदा मिनी प्रोजेक्टला आर्डुइनोवर चालणारं पर्जन्यमापक करतेय. त्यात छोटी तराजूसारखी बादली असते, ०.२ मिलिमीटर पाऊस झाला की ती कलंडते आणि मोजदाद होते. ते कितीही पावसात भरून वाहत नाही, हा त्याचा मला वाटणारा सगळ्यात मोठा गुण. वीज कडाडायला लागली की आबांना शेतातून बोलवायला पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप पप्पांच्या मोबाइलवर टाकून दिलंय. आबा म्हणतात, "इजा चमकायल्या की मला डोळ्यांनीच दिसतंय." पण येतात.

परवा पप्पांचा फोन आला. हळद शिजतेय. पूर्वी विचारायचे, "पडणार का?" आता विचारतात, "दहातले किती?"

मी म्हटलं, "एक. फार तर दोन."

"बरं, मग झाकतो," म्हणाले आणि माणसांना हाका मारायला लागले. फोन तसाच चालू राहिला होता. ताडपत्री ओढल्याचा आवाज मला बराच वेळ येत होता.