उसना एक

"मागीर परत केन्ना दिवचो?"

तिसरीतल्या पोराने हे विचारलं आणि फळ्यापाशी उभी असलेली माझी विद्यार्थिनी खडू हातात धरून थांबली. फळ्यावर 52 वजा 27. दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारच्या पाचाकडून एक उसना घ्यायचा, असं तिने नुकतंच सांगितलं होतं. पोर तेमवाड्याचं, रापण ओढणाऱ्या मच्छीमाराच्या घरचं. त्याच्या घरात उसनं आणलेलं परत करावं लागतं, मग ती वाटीभर साखर असो की डिझेलचे पैसे. मग हा एक परत कधी करायचा?

ती माझ्याकडे बघू लागली. मी मागच्या बाकावर निरीक्षण वही उघडून बसलेली. खरं सांगते, मलाही उत्तर सुचलं नाही. भावी शिक्षक घडवण्याचा पगार मी वीसेक वर्षं घेतेय. शेवटी तिने "उद्या सांगते हां" म्हणून वेळ मारून नेली आणि गणित पुरं केलं. उत्तर 25, अगदी बरोबर. माझ्या वहीत नोंद झाली: फलकलेखन सुवाच्य, वर्गनियंत्रण चांगले, साधनांचा वापर समाधानकारक. पोराच्या प्रश्नासाठी वहीत रकानाच नव्हता.

मी डी.एल.एड.ला शिकवते. बारावी झालेली मुलं-मुली येतात, दोन वर्षं शिकतात आणि प्राथमिक शिक्षक म्हणून बाहेर पडतात. सराव पाठांसाठी गोव्यातल्या मोरजीची ही सरकारी मराठी शाळा मी मागून घेतली, कारण गाव माझं. शिवोली-चोपड्याचा पूल नव्हता तेव्हा शापोऱ्याच्या फेरीबोटीत उभं राहून मी पाढे म्हटलेत. आता वर्ग पातळ झालेत, एकाच खोलीत दोन इयत्ता बसतात आणि हजेरीपटावरची निम्मी नावं किनाऱ्यावरच्या हॉटेलांत, बांधकामांवर राबणाऱ्या परप्रांतीयांच्या मुलांची. घरात कोंकणी, कन्नड, हिंदी, नेपाळी, वर्गात मराठी. अशा वर्गात बावन्न हा आकडासुद्धा साधा राहत नाही. त्या दिवशी तोंडी सांगितलेल्या बावन्नचे एका मुलीने 25 लिहिले. विद्यार्थिनीने ते खोडलं आणि पुढे गेली. मुलगी कन्नड घरातली. कन्नडमध्ये आधी पन्नास म्हणतात, मग दोन; लिहितो त्याच क्रमाने. मराठीत दोन आधी कानावर पडतात. ऐकलं तसं तिने लिहिलं, यात तिचं काय चुकलं? 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास दोन' असं वाचन आलं, तेव्हा मंगला नारळीकरांच्या समितीची केवढी टिंगल झाली! मीही हसले होते. मोरजीच्या त्या वर्गात बसून आता हसू येत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये विद्यार्थिनी माझ्या शेजारी येऊन बसली. "मॅडम, बारावीला मला गणितात पंच्याऐंशी होते. पण हे मला कोणी कधी विचारलंच नाही."

तिला कोणी विचारलं नाही, कारण मला कोणी विचारलं नव्हतं. आम्ही पियाजे शिकवतो, पाठटाचणाचे टप्पे शिकवतो, थर्माकोलवर रंगीत कागद चिकटवून साधनं करायला लावतो. वजाबाकी मात्र येते असं धरूनच चालतो. 11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शिक्षकाच्या नोकरीला बी.एड. चालणार नाही असा निकाल दिला, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले. लहान मुलांना शिकवणं ही बी.एड.ची पातळ आवृत्ती नव्हे, हे अखेर कोर्टानेच सांगितलं. पण ते वेगळं काहीतरी आम्ही तरी कुठे शिकवत होतो? नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे 2030 पर्यंत शिक्षक व्हायला चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही किमान पात्रता होणार. दोनाची चार वर्षं होतील. थर्माकोलही दुप्पट लागेल.

शनिवारी मोरजीला घरी गेले. काकांनी पोर्तुगीज अमदानीत प्रिमेर ग्राव, म्हणजे प्राथमिक शाळा, केलेली. वीजबिलाच्या पाठीवर मी त्यांच्यापुढे तेच गणित मांडलं. त्यांनी बारातून सात घालवले, पाच लिहिले. मग वरच्या पाचाला हातही न लावता खालच्या दोनाचे तीन केले, पाचातून तीन काढून दोन मांडले. पंचवीस.

"काका, हे तीन कुठून आले?"

"वयर एक घेतलो, तो सकयल दिलो. फिटलें!"

मी बिलाकडे बघतच राहिले. ही तर परतफेड! वरच्या संख्येत दहा सुटे मिळवले, खालच्या संख्येत एक दशक मिळवला. दोन्हींत दहाच वाढले, म्हणून फरक तोच राहिला. 62 वजा 37 केल्यासारखंच. का, हे काकांनाही ठाऊक नव्हतं. मास्तरांची छडी तेवढी आठवत होती. पण त्यांच्या रीतीत उसना फेडला जात होता. आमच्या पुस्तकातल्या रीतीत उसनं कुणी कुणाकडून घेतच नाही. पाच दशकांतला एक सुटा करायचा, एवढंच. रीत नवी आली, शब्द मात्र जुना राहिला. पोराने नेमका तोच पकडला होता.

सोमवारी वर्गात दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी घेऊन विद्यार्थिनी दुकानदार झाली. याला सत्तावीस रुपये द्यायचेत, कसे देऊ? पोरं पुढे सरकली. दोन नोटा लगेच निघाल्या. सात सुटे निघेनात. तेमवाड्याच्या त्या पोराची आई मासळी विकते. मोड नसली की काय करायचं हे त्याला आमच्यापेक्षा जास्त कळतं. "नोट मोडची पडटली," तो म्हणाला. नोट मोडली, दहा नाणी आली, बारातून सात गेली. कन्नड घरातली मुलगी उरलेल्या नोटा आणि नाणी मोजत होती. ती म्हणाली, "वीस, पाच." विद्यार्थिनीने ते खोडलं नाही. "वीस आणि पाच, म्हणजे पंचवीस," म्हणून तसंच फळ्यावर लिहिलं.

मग ती पोराला म्हणाली, "बघ, उसना नाहीच घेतला. आपलीच नोट मोडली."

पोराने क्षणभर विचार केला. "मागीर उसनो कित्याक म्हणलें?"

या खेपेला ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझं चुकलं."

त्या वर्षापासून आमच्या सराव पाठाच्या वहीत एक रकाना वाढला आहे: 'मुलाने काय विचारले'. तो कोरा असेल तर मी वही सही न करता परत करते.