गिटारचा आवाज येतो तरी कुठून?

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं, ही आधीच विनंती!

गेल्या सेमला एम-थ्रीत केटी लागली. बाबांचा फोन आला, "पेपर होईपर्यंत गिटारला हात लावायचा नाही." मी "हो बाबा" म्हटलं आणि तीन दिवस पाळलंसुद्धा. चौथ्या रात्री मात्र राहवेना. पीएल चालू, रूम पार्टनर झोपलेली, रेक्टर मॅडमची फेरी कधीही येईल. आवाज त्या गोल भोकातूनच येतो अशी माझी ठाम समजूत. म्हणून भोकात टॉवेल कोंबला आणि हळूच तार छेडली.

आवाज आला! खर्जाचा भरीवपणा तेवढा कमी झाला होता, बाकी गिटार खुशाल वाजत होती. पार्टनर उठून बसली, "ए बाई, झोपू दे ना!"

दुसऱ्या दिवशी लायब्ररी गाठली. तार एकटी फारसा आवाज करूच शकत नाही. ती इतकी बारीक, की हवेला ढकलण्याऐवजी कापत जाते. तिचं कंपन ब्रिजमधून वरच्या लाकडी फळीत उतरतं आणि ती फळी हवा हलवते. पण माझ्या गिटारसारख्या स्टीलच्या सहा तारांचा एकूण ताण सुमारे ७० किलो! फळी जाड केली तर हलणार नाही, पातळ केली तर वाकेल. म्हणून पातळ फळीला आतून लाकडी पट्ट्यांचा आधार देतात. भोकापाशी आतली हवा घुमते, बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखी, साधारण १०० हर्ट्झच्या आसपास. टॉवेलने नेमकं तेच मारलं होतं.

पुढे वाचलं आणि हसूच आलं. पाचवी तार ११० हर्ट्झवर वाजते, पण सोबत २२०, ३३०, ४४० हर्ट्झची कंपनंही असतात. मधोमध छेडली तर आवाज मऊ, ब्रिजजवळ छेडली तर टणक, कारण या मिश्रणाचं प्रमाण बदलतं. हीच ती फोरिअर सिरीज, जिच्यात मी आपटले होते! मग त्या रात्री पहिल्यांदाच गणितं मनापासून सोडवली.

पेपर झालाय, निकाल लागायचाय. चौथ्या रात्रीचं बाबांना अजून सांगितलेलं नाही. मॅगझिन मात्र घरी नेणार आहे. मराठी विभाग ते सर्वांत आधी वाचतात.