नाकवाल्या ट्रकच्या प्रेमात

शनिवारी संध्याकाळी ऑफिसातली गँग फुटाळ्यावर जाते, मी वाडीला! अमरावती रोडवरचं हे ट्रान्सपोर्टवाल्यांचं गाव म्हणजे गाडीवेड्यांसाठी फुकटचं म्युझियम. उत्तर-दक्षिण एनएच ४४ आणि पूर्व-पश्चिम एनएच ५३ नागपुरात एकमेकांना छेदतात, त्यामुळे चारी दिशांचे ट्रक इथे टेकतात.

मी शोधतो ते मात्र नाकवाले टाटा. तेव्हाच्या टेल्कोने १९५४ मध्ये डेमलर-बेंझशी करार करून ट्रक बांधायला घेतले. करार १९६९ला संपला, पण बॉनेट पुढे काढलेला तो ऐटबाज चेहरा पुढेही कितीतरी वर्षं टिकला. आजचे चपट्या तोंडाचे ट्रक बघा, बॉस. सगळे सारखेच!

हे मी मे महिन्यात एका ड्रायव्हरकाकांना ऐकवलं. ते हसले. "बाहेरूनच फोटो काढता भाऊ, आत बसून तर पाहा."

बसलो. कंपनीच्या चासीवर सुताराने ठोकलेली लाकडी केबिन. इंजिन बंद होतं, तरी शेजारून धग येत होती. छोटा पंखा तीच गरम हवा तोंडावर फेकत होता. दहा मिनिटांत शर्ट ओलाचिंब. काका यातच रायपूरपर्यंत जाणार होते.

२०२५ पासून साडेतीन टनांवरच्या नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. नियम आपल्या नागपूरच्याच नितीन गडकरींच्या खात्याचा. जुन्या ट्रकना तो लागू नाही. म्हणून माझं मत बदललंय: नाकवाले टाटा जपा, पॉलिश करा, रॅलीत मिरवा. रोजच्या मालाला मात्र चपटे, एसीवालेच हवेत.

काकांना हे पटलं. फक्त विचारलं, "एसीचं डिझेल मालक देईन ना?"