वडिवळ्याचा संगम आणि संजयाचें काम

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कामशेत हें मावळांतील स्थानक लागतें. तेथून थोडक्याच अंतरावर वडिवळें हें गांव आहे. लोणावळ्याच्या डोंगरांत उगम पावून पुढें देहू-आळंदीस जाणाऱ्या इंद्रायणीस येथें कुंडलिका येऊन मिळते आणि त्या संगमावर संगमेश्वराचें पुरातन देवालय उभें आहे. कुंडलिकेवर वरच्या अंगास धरण आहे. खालीं भाताचीं खाचरें. वडगांव-मावळच्या संशोधन-केंद्रांतून १९८७ सालीं बाहेर पडलेला ‘इंद्रायणी’ तांदूळ आतां पुष्कळ वाचकांच्या घरीं शिजत असेल; त्याची ही मायभूमि.

स्थळवर्णन लिहावयाचें तें डोळस वाचकासाठीं, असा सर्वसाधारण संकेत आहे. मग ज्यास दिसत नाहीं त्यास वडिवळें कसें दाखवावें? हा प्रश्न आमच्या मनांत उभा राहण्यास एक चित्रपट-महोत्सव कारण झाला.

अनुबोधपट, ज्यांस आज माहितीपट म्हणतात, त्यांचा मुंबईचा आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९० पासून भरत आला आहे. १९४८ सालीं स्थापन झालेला फिल्म्स डिव्हिजन हा सरकारी विभाग तो भरवीत असे. २०२२ सालीं तो विभाग राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन झाला व महोत्सवाचा भार महामंडळाकडे आला. त्याची अठरावी खेप १५ ते २१ जून २०२४ या दिवसांत झाली. त्या वेळीं मुंबईबरोबर दिल्ली, कोलकाता, चेन्नई व पुणें येथेंही चित्रपट दाखविले गेले. पुण्यांतील स्थान म्हणजे १९६४ सालीं स्थापन झालेलें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. विशेष हें कीं, अंध व बधिर प्रेक्षकांस आस्वाद घेतां यावा अशा चित्रपटांचा एक निराळा संचच या खेपेस योजिला होता. तत्पूर्वीं २०२२ सालीं गोव्याच्या महोत्सवांतही ‘गांधी’ हा चित्रपट अशाच रीतीनें दाखविण्यांत आला होता.

ही रीत अशी. पात्रांचें बोलणें थांबतें तेवढ्या अवकाशांत एक निवेदक पडद्यावर काय घडतें आहे तें मोजक्या शब्दांत सांगतो. बधिरांसाठीं कोपऱ्यांत हातांच्या खुणांची भाषा बोलणारी व्यक्ति दिसते. आणि पडद्याखालच्या ओळींत केवळ संवाद नव्हे, तर दार वाजलें, दूर गाडीची शिट्टी झाली, असेंही लिहिलेलें असतें.

उपेक्षितांवरचे अनुबोधपट आपल्याकडे पुष्कळ झाले. परंतु ज्याच्याविषयीं चित्र काढलें तो स्वतः बहुधा प्रेक्षागृहाबाहेरच राहतो, हें त्यांतील मोठें न्यून होय. अतुल पेठे यांनीं पुण्याच्या सफाई कामगारांवर ‘कचराकोंडी’ हा अनुबोधपट केला आणि पुढें २०१२ सालीं ‘सत्यशोधक’ नाटकांत त्याच कामगारवर्गांतील मंडळी रंगभूमीवर उभी केली. ज्यांच्याविषयीं बोलावयाचें त्यांनींच बोलावें, ही गोष्ट पहिलीहून अधिक मोलाची.

वस्तुतः अंधास चित्र सांगण्याची कल्पना आपल्यास परकी नाहीं. अंधत्वामुळें धृतराष्ट्रास प्रथम राज्य नाकारलें गेलें. पुढें युद्धाच्या आरंभीं व्यासांनीं दृष्टि देऊं केली असतां स्वकुलाचा संहार पाहणें त्यास नको वाटलें. ऐकण्याची मात्र इच्छा होती. तेव्हां दिव्यदृष्टि संजयास मिळाली, ती दुसऱ्यास सांगण्यासाठीं.

आमचे ज्येष्ठ बंधू अण्णा यांची दृष्टि काचबिंदूनें गेली आहे. आषाढांतील एका उघडिपीच्या दिवशीं त्यांस घेऊन आम्ही संगमावर गेलों आणि संजयाचें काम पत्करलें. “अण्णा, पाणी खळाळत आहे, पलीकडे बैलांच्या घुंगरांचा आवाज येतो आहे,” असें आम्ही सांगूं लागलों. ते हंसून म्हणाले, “अरे, तें मला तुझ्याआधीं ऐकूं आलें. रंग सांग.”

तेव्हां आम्हीं नीट पाहिलें. इंद्रायणीचें पाणी तांबूस, गढूळ. कुंडलिकेचें त्या मानानें निवळ. दोन्ही कांहीं अंतर अंग चोरून चालतात आणि मग एक होतात. भाताचे तरवे पोपटी, डोंगर काळेनिळे, त्यावर ढग कमरेपर्यंत उतरलेले. एवढें सांगून आम्ही गप्प राहिलों. अण्णाही बराच वेळ कांहीं बोलले नाहींत; मग म्हणाले, “दिसलें.”

परतीच्या वाटेवर पायऱ्या लागल्या. पावसानें त्यांवर शेवाळ धरलें होतें. शब्दांनीं रंग कळतो, पायरी मात्र चढतां येत नाहीं. म्हणून आम्हीं हात पुढें केला. तो धरून अण्णा म्हणाले, “कठडा असता तर बरें. तो ज्याला त्याला आपल्या वेळेला सांपडतो. हात तुझ्या सवडीवर.” सोय आणि उपकार यांतला भेद यापरता स्पष्ट कोण सांगणार?

२०११ च्या जनगणनेंत देशांत २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले. २०१६ च्या कायद्यानें २१ प्रकारचीं अपंगत्वें मान्य केलीं. मार्च २०२४ मध्यें चित्रपटगृहांत दाखवावयाच्या चित्रपटांसाठीं केंद्र सरकारनें अंध-बधिरांच्या सोयीचे नियमही प्रसृत केले. परंतु या कोटींपैकीं कित्येक आपल्याच घरांत आहेत. सायंकाळीं दूरदर्शनसंचापुढें सारें कुटुंब हंसतें, कोपऱ्यांतून आजोबा “काय झालें रे?” असें विचारतात, आणि “कांहीं नाहीं” असें उत्तर मिळतें. त्या दोन शब्दांनीं माणूस घरांत असून घराबाहेर जातो.

त्याकरितां महोत्सवाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. घरांतील मुलांनीं एकेक सायंकाळ संजयाचें काम वाटून घ्यावें. ऐकूं येतें तें सोडून दिसतें तेवढेंच सांगावें, आणि मध्यें गप्प राहण्यासही शिकावें. आणि न्हाणीघरापाशीं, जिन्यापाशीं एक कठडा बसवून घ्यावा. सुतारास त्यास अर्धा दिवसही लागत नाहीं.