ऑफ

नोकरीत असताना 'ऑफ' हा शब्द मला फार आवडायचा. ऑफ तास मिळाला की शिक्षकांच्या खोलीत निवांत चहा व्हायचा. दहावीच्या मुलांचा सेंडऑफ असला की समोसा आणि वेफर्सची प्लेट मिळायची. याच शब्दाने वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी माझी शिकवणी घ्यावी, हे काही मनात आलं नव्हतं.

तर झालं असं. माझी मुलगी आणि जावई दोन वर्षांपूर्वी टोरांटोहून माँट्रियलला गेले. ते क्वेबेक प्रांतात येतं. तिथे १९७७ च्या भाषा कायद्यामुळे बाहेरून आलेल्यांच्या मुलांना, काही अपवाद सोडले तर, फ्रेंच माध्यमाच्या शाळेत जावं लागतं. म्हणजे बघा, माझे वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले, मी मराठीतून, मुलगी इंग्रजीतून आणि आता बारा वर्षांची नात फ्रेंचमधून!

दर रविवारी संध्याकाळी साडेसातला, म्हणजे तिकडे सकाळी दहाला, आमचं फोनवर बोलणं होतं. बोलणं म्हणजे काय, "आबा, कसे आहात?" "बरा आहे, तू?" "बरी." की फोन आईकडे. तिचं मराठी आटत चाललंय हे कळत होतं, पण फोनवरून करणार काय?

मागच्या महिन्यात मात्र ती रडवेली होऊन बसली होती. निबंधात बाईंनी लाल रेघा मारल्या होत्या. ही इंग्रजीत विचार करायची आणि शब्दाला शब्द ठेवून फ्रेंच लिहायची. बाईंनी 'ऑफ'ची सहा वाक्यं फ्रेंच करून आणायला सांगितली होती. आई घरात नव्हती, म्हणून आबा!

मला फ्रेंचचं अक्षर येत नाही. मी आपला मराठवाडा विद्यापीठाचा मराठी माध्यमातला बी.ए., तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरवून इंग्रजी शिकलेला. म्हटलं, "बाळा, तू फ्रेंच कोशात बघ आणि मला अर्थ सांग. मी मराठी सांगतो."

विमान 'टेक ऑफ' करतं, त्याला फ्रेंचमधे 'देकोले' म्हणतात. मूळ अर्थ, डिंकाने चिकटवलेलं सुटणं! मी म्हटलं, आपण म्हणतो विमान उडालं. कोट 'टेक ऑफ' केला, तिथे त्यांचं क्रियापद वेगळं. आपण म्हणतो काढला. बसमधून 'गेट ऑफ' झालो, तिथे 'देसाँद्र', म्हणजे सरळ उतरलो. दिवा 'टर्न ऑफ' केला, तिथे 'एतँद्र'. तेच क्रियापद आग विझवायलाही चालतं म्हणे. मला माझी आई आठवली, ती दिवा मालवायची. दूध 'गॉन ऑफ', तर फ्रेंच दूध 'फिरतं', आपलं नासतं. आणि गजराचं घड्याळ 'वेंट ऑफ', तर ते वाजतं.

सहा वाक्यं झाली आणि ती ओरडली, "आबा, तुमच्या मराठीत पण ऑफ नाहीये!"

खरंच की! इंग्रजी माणूस टेक, गेट, गो अशी साधी क्रियापदं घेतो आणि पुढे एक चिमुकला शब्द लावून सगळा अर्थ त्याच्यावर टाकतो. फ्रेंच आणि मराठी ते काम बहुतेक वेळा क्रियापदाच्याच पोटात घालतात. पैठणला पोरं पोहत गोदावरी ओलांडतात. इंग्रजीत 'स्विम' हे क्रियापद आणि 'अक्रॉस' मागून येतं. आपल्याकडे 'ओलांडणे' हे मुख्य आणि 'पोहत' जोडीला. फ्रेंचमधेही असंच, आधी ओलांडतात आणि मग कसं ते सांगतात. विने आणि दार्बेलने या दोघांनी १९५८ साली फ्रेंच आणि इंग्रजीची तुलना करणारं पुस्तक लिहिलं, त्यात ही अदलाबदल सविस्तर मांडली आहे. यातले विने माँट्रियलच्याच विद्यापीठात शिकवायचे, हे ऐकून नातीला भारी वाटलं.

अर्थात सगळीकडे असं चालत नाही. 'पुट ऑफ'ला आपणही 'पुढे ढकलणे' असे दोन शब्द वापरतोच. आणि आपली गंमत वेगळी. खाऊन टाक, खाऊन घे, खाऊन बघ. यातलं प्रेम कुठल्या आणि वैताग कुठल्या क्रियापदात, ते फ्रेंचमधे कसं न्यायचं? यावर आम्ही अर्धा तास घालवला. अर्धा तास, मराठीत!

पण त्या सहाव्या वाक्याने मला रात्री झोप लागू दिली नाही.

१९८३ च्या सुमाराची गोष्ट. नववीच्या चाचणीत भाषांतराला वाक्य होतं, 'द अलार्म वेंट ऑफ ॲट फाइव्ह.' एका मुलाने लिहिलं, 'पाच वाजता गजर झाला.' मी फुली मारली. वर्गात सांगितलं, ऑफ म्हणजे बंद. दिवा ऑफ, पंखा ऑफ, गजर ऑफ. मुलगा उभा राहिला. "सर, पण पुढच्या वाक्यात तो उठला म्हटलंय. गजर बंद झाला, तर तो उठला कसा?" वर्ग हसला. मी म्हणालो, "खाली बस. फार शहाणा आहेस."

तो खाली बसला. त्यानंतर वर्षभर त्याने माझ्या तासाला एकदाही हात वर केला नाही.

पुढच्या वर्षी शब्दकोशात दुसरंच काही शोधताना मला तो अर्थ सापडला. मुलगा तेव्हा दहावीत, त्याच शाळेत होता. सांगायला दहा पावलं चालायची होती. मी चाललो नाही. सेंडऑफच्या दिवशी तो पाया पडायला आला. तेव्हाही "यशस्वी हो" एवढंच म्हणालो.

परवाच्या रविवारी हे नातीला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यांना सॉरी म्हणा ना, आबा." मुलांना सगळं सोपं वाटतं. असो. मग तिनेच विचारलं, सेंडऑफला मराठीत काय म्हणतात? म्हटलं, निरोप समारंभ. निरोप म्हणजे जाणाऱ्याला 'ये हं' म्हणणं, आणि निरोप म्हणजे कुणाच्या हाती धाडलेला दोन शब्दांचा सांगावा.

तो मुलगा आता पंचावन्नच्या पुढे असेल. कुठे असतो, ठाऊक नाही. त्या दिवशी द्यायचा राहिलेला निरोप इथे देतो. बाळा, तुझं उत्तर बरोबर होतं. चुकलो होतो मी.