किती वॅटचा घेऊ?

दुकानात शिरणाऱ्या पोराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काका, किती वॅटचा घेऊ?" माझाही उलटा प्रश्न ठरलेला, "जुन्याला काय झालं?" त्यावर बहुतेक जण "गेला" एवढंच म्हणतात आणि मोबाइलवर काढून ठेवलेली किमतींची यादी पुढे करतात.

कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, नाना तऱ्हांनी जातो आणि तो कसा गेला यावर नवा कोणता घ्यायचा हे ठरतं. वळवाच्या पावसात कडकडाट झाला, वीज दोनदा गेली-आली, फट्ट आवाज होऊन जळका वास सुटला, तर दोष बहुधा लाइनचा असतो. तिथे दुप्पट वॅटचा बसवला तरी पुढच्या मे महिन्यात तोही जाईल. दुसरा प्रकार हळूहळू जाणाऱ्यांचा. पंखा धुळीने जड झालेला, आतले कंडेन्सर डोक्यावर फुगलेले, सकाळी पहिल्यांदा बटण दाबलं की नुसती लाइट लुकलुकते, तिसऱ्यांदा दाबलं की सुरू होतो. हा म्हातारा झालेला आहे, त्याला निरोप द्यावा. तिसरा प्रकार मात्र फसवा असतो, कारण त्यात एसएमपीएस गेलेलाच नसतो.

गेल्या उन्हाळ्यात असाच एक आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा, सोबत वडील. कॉम्प्युटरवर दिवसभर काहीही करा, तक्रार नाही. मोठा गेम लावला की अर्ध्या तासात सगळं टप्पकन बंद, जणू कुणी प्लग उपटला. पडद्यावर निळा रंग नाही की कसला इशारा नाही. मुलाने सेकंडहँड आरटीएक्स 3080 ग्राफिक कार्ड घेतलं होतं आणि भानगड तेव्हापासूनची. एसएमपीएस चांगल्या कंपनीचा, 650 वॅटचा, पाचेक वर्षं जुना. आधी दाखवलं त्या मेकॅनिकने हिरवी वायर काळीला जोडून पाहिली, पंखा फिरला, म्हणून "पॉवर ओके" असा निकाल दिला आणि मदरबोर्ड बदलायला सांगितला.

हिरव्या-काळ्याच्या या परीक्षेवर माझा राग आहे. मदरबोर्ड चालू व्हायची खूण देतो ती हिरव्या वायरीतून, ती जमिनीला टेकवली की एसएमपीएस जागा होतो, इतकंच त्यातून कळतं. पंखा फिरवायला दोन-तीन वॅट पुरतात. चारशे वॅट ओढल्यावर त्याचं काय होतं, हे त्या परीक्षेत येतच नाही. मल्टिमीटरचंही तेच. पिवळ्या वायरीवर 12 व्होल्ट हवेत, पाच टक्के इकडेतिकडे चालतात, म्हणजे 11.4 ते 12.6. या मुलाच्या मशिनवर गेम चालू असताना मीटर 12.05 वर शांत बसला होता आणि तशातच कॉम्प्युटर बंद पडला. मीटर सेकंदात दोन-तीनदा बघतो, घटना मिलिसेकंदाच्या आत उरकते. ती पकडायला ऑसिलोस्कोप लागतो आणि तो साताऱ्यातल्या कुठल्या दुरुस्तीच्या टेबलावर असणार?

तरी एक बिनखर्ची उपाय आहे. ग्राफिक कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची वीज मर्यादित करता येते. मी ती 70 टक्क्यांवर आणली आणि म्हटलं, "आता खेळ." पोरगा तास-दीड तास खेळत बसला, कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. मर्यादा पुन्हा 100 केली, पंधरा मिनिटांत टप्प.

वडिलांचा हिशेब मात्र बरोबर होता आणि त्यांनी तो खताच्या बिलामागे मांडून दाखवला. कार्ड 320 वॅट, प्रोसेसर जास्तीत जास्त 80, बाकी पंखे, डिस्क, बोर्ड धरून 60. बेरीज 460. "650 आहे की! 190 शिल्लक राहतात, मग?" हा हिशेब सरासरीचा आहे. गेममध्ये स्फोटाचं दृश्य आलं की कार्ड क्षणात उसळी मारतं, मिलिसेकंदाच्या आत त्याच्या नेमून दिलेल्या विजेच्या दीडपट-दुपटीपर्यंत जातं आणि परत खाली येतं. लग्नात हजार माणसं दिवसभरात जेवून जाणं वेगळं आणि हजारांनी एकाच पंगतीला बसणं वेगळं. त्या क्षणी एसएमपीएसला वाटतं कुठेतरी शॉर्ट झालाय, आणि तो स्वतःला बंद करून घेतो. म्हणजे तो आपलं काम चोख करत होता. त्याचं हे संरक्षण बिघडलं असतं तर उलट तो बंद पडला नसता, कदाचित कार्डाला घेऊन गेला असता. 3080 साठी एनव्हिडिया स्वतः 750 चा एसएमपीएस सुचवते.

2022 साली इंटेलने एटीएक्स 3.0 हा नवा नियम आणला त्यामागे हीच डोकेदुखी होती. नव्या 16 पिनांच्या जोडणीच्या मोठ्या एसएमपीएसने 100 मायक्रोसेकंदांपुरता आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसला पाहिजे, असं त्यात लिहून ठेवलंय. त्याच वर्षी आलेल्या 4090 कार्डांवर ही जोडणी वितळल्याच्या बातम्या जगभर झाल्या. पुढच्या वर्षीच्या 3.1 मध्ये पिनांची रचना सुधारली, प्लग पूर्ण आत बसला नाही तर कार्डाला ते कळावं अशी. आता मी कुणालाही मोठ्या कार्डासाठी 3.1 च घ्यायला सांगतो आणि प्लग बसवताना 'टक' असा आवाज आला का, हे दोनदा विचारतो.

मग किती वॅटचा? आकड्यापेक्षा आधी खोक्यावरचं लेबल वाचावं. तिथे एक तक्ता असतो, त्यातला 12 व्होल्टखालचा अँपिअरचा आकडा बघायचा आणि 12 ने गुणायचं. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही आपली भूक 12 व्होल्टवरच भागवतात. चांगल्या 650 वाल्यावर 54 अँपिअर दिसतात, म्हणजे 648 वॅट, जवळजवळ सगळी क्षमता तिथेच. बाजारात कॅबिनेटबरोबर फुकट मिळणाऱ्या '450' वाल्यावर 12 व्होल्टला 16 अँपिअर लिहिलेले मी पाहिलेत. 16 गुणिले 12, 192. बाकीचे अडीचशे वॅट 5 आणि 3.3 व्होल्टच्या खात्यात दाखवलेले, जिथे हल्ली फारसं गिऱ्हाईकच नाही. पेंटियम 4 च्या आधी बोर्ड 5 व्होल्टवर चालायचे, तेव्हा ती वाटणी ठीक होती. आता तो तक्ता म्हणजे जुन्या भावाची पाटी आहे. आणि 12 चा आकडाच छापलेला नसेल, तर खोका खाली ठेवायचा.

सोनेरी, चंदेरी, कांस्य शिक्क्यांचं प्रस्थ मला जरा अति वाटतं. 80 प्लस हा शिक्का कार्यक्षमता सांगतो, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती पुढे पोचते आणि किती उष्णता होऊन पंख्यातून बाहेर पडते. मुलं म्हणतात, गोल्ड घेतला की लाइटबिल वाचतं. गेममध्ये 300 वॅट लागत असतील, तर 85 टक्क्यांचा भिंतीतून 353 ओढेल, 90 टक्क्यांचा 333. रोज चार तास खेळलं तर महिन्याला अडीच युनिटही वाचत नाहीत. युनिटला दहा रुपये धरले तरी वडापावात संपतील. शिवाय ही चाचणी साधारण 23 अंशांच्या खोलीत होते. साताऱ्यात एप्रिलमध्ये कॅबिनेटच्या आत 45 सहज होतात, अकोला-चंद्रपूरकडे तर खोलीच तेवढी तापते. म्हणून मी रंगापेक्षा दोन गोष्टी बघतो. किती तापमानाला पूर्ण वॅट द्यायची कंपनीची तयारी आहे, 40 की 50, आणि वॉरंटी किती वर्षांची आहे. कंडेन्सरचं आयुष्य दर 10 अंशांमागे ढोबळमानाने निम्मं होत जातं. दहा वर्षांची वॉरंटी देणाऱ्याने आत 105 अंशांचे चांगले कंडेन्सर घातले असणार, नाहीतर त्यालाच भरपाई करत बसावं लागेल. गोल्डमध्ये असे एसएमपीएस जास्त सापडतात हे खरं, पण सोनेरी शिक्क्यातही टाकाऊ माल असतो.

आपल्याकडची वीज हा वेगळाच विषय आहे. परगावच्या कुठल्याही खरेदी-मार्गदर्शनात तो नसतो. या मुलाच्या घरी मी गेलो तेव्हा कॅबिनेटच्या पत्र्याला उलटा हात लावला. बोटांच्या मागे मुंग्या आल्या. टेस्टर लावला, दिवा मंद पेटला. मीटरने पत्रा आणि जमीन यांच्यात 110 च्या आसपास व्होल्ट दाखवले. वडील घाबरले, "शॉर्ट आहे का हो?" शॉर्ट नव्हता. एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रल या दोघांपासून पत्र्याकडे जाणारे दोन बारके कंडेन्सर असतात, लाइनमधली खरखर जमिनीत सोडण्यासाठी. जमिनीची वायरच नसेल, तर पत्रा फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये लोंबकळत राहतो, म्हणून 230 चे निम्मे. प्रवाह नगण्य असतो, माणसाला काही होत नाही, पण टीव्हीची एचडीएमआय वायर जोडताना जी ठिणगी उडते ती कार्डाचं तोंड जाळू शकते. त्या घरात तीन पिनांचा सॉकेट होता, आतली तिसरी पिन कशालाच जोडलेली नव्हती. मी सांगितलं, आधी वायरमन बोलवा, अंगणात खड्डा घेऊन अर्थिंग करून घ्या, मग एसएमपीएस. अर्थिंग नसेल, तर कितीही महागाचा आणलात तरी त्याच्या तोंडाशी बसवलेली गाळणी अर्धी निकामीच असते.

यूपीएसही बदलावा लागणार होता. टेबलाखाली 600 व्हीएचा डबा, तो साधारण 360 वॅट देतो, आणि हे मशीन गेममध्ये भिंतीतून 500 च्या वर ओढतं. वीज गेली की तो किंचाळून झोपणारच, आणि लोक शिव्या एसएमपीएसला देणार. घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालवणाऱ्यांचं दुखणं दुसरं. आपल्या विजेची एक लहर 20 मिलिसेकंदांची. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर वीज गेल्यावरही आपल्या मोठ्या कंडेन्सरमधल्या साठ्यावर 16-17 मिलिसेकंद तग धरतो, तेवढ्यात यूपीएसने ताबा घ्यायचा असतो. स्वस्तातल्यात कंडेन्सरच छोटा, त्यात इन्व्हर्टर यूपीएस मोडवर नसेल, तर मशीन रीस्टार्ट होणार. त्यात इन्व्हर्टर जुन्या पद्धतीची चौकोनी लहर देणारा असला, तर नव्या एसएमपीएसशी त्याचं जमेलच असं नाही. काही जोड्या वर्षानुवर्षं नांदतात, काही पहिल्या दिवशी गुरगुरतात.

शेवटी 850 चा, एटीएक्स 3.1 चा ठरला. 750 मध्येही भागलं असतं, पण पोरगा दोन वर्षांनी कार्ड बदलणार हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

बसवायच्या दिवशी तो म्हणाला, "काका, डबा तेवढा बदला, केबल राहू द्या. मी सगळ्या मागून बांधून घेतल्यात." बांधणी खरोखर देखणी होती. तरी मी एकेक टाय कापून सगळ्या केबल काढल्या. सुट्या केबलींचा एसएमपीएस असला की केबलचं बोर्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, डब्याकडच्या टोकाला कुठल्या पिनवर काय येतं हे मात्र ज्याची त्याची कंपनी ठरवते. कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. प्लग मात्र निमूट बसतो. मग हार्ड डिस्कच्या 5 व्होल्टच्या वायरीत 12 येतात आणि पहिल्या बटणाला डिस्क जाते. गेम पुन्हा उतरवता येतात, कॉलेजचे प्रोजेक्ट येत नाहीत. हे ऐकल्यावर त्याने स्वतःच कात्री घेतली.

जुना 650 चा मी टाकू दिला नाही. त्याच्या सगळ्या केबल त्याच्याच पिशवीत भरून, वर मॉडेल लिहून वडिलांच्या हातात दिला. त्यांच्या खताच्या दुकानात बिलाचा कॉम्प्युटर होता, ग्राफिक कार्ड नाही, फार तर सत्तर-ऐंशी वॅटचं काम. तिथे हा आरामात चालेल. दुसऱ्या दिवशी तिथला मूळचा डबा काढला. हातात घेतला तर रिकाम्यासारखा हलका. मुलाला आत बघायचं होतं. आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट साठलेले असू शकतात, म्हणून तो दिवसभर प्लगविना ठेवला, रेझिस्टर लावून उरलेला साठा उतरवला, मीटरने तपासला आणि मगच उघडला. हे घरी कुणी करून पाहू नये. वीज आत येते तिथे पाटीवर कॉइलसाठी, कंडेन्सरसाठी छापलेल्या जागा होत्या, नावं-नंबरांसकट. कॉइलच्या जागी दोन नुसत्या तारा वाकवून डाग दिलेला, कंडेन्सरची भोकं रिकामीच. वर लेबल, 450 वॅट.

"हा आता कुठे चालेल का?" वडिलांनी विचारलं.

"कुठेच नको," म्हटलं. पंखा तेवढा चांगला होता, तो काढून घेतला.